बत्तीस घरांचं गाव

"एक बी घर सुटलं नाई पाह्यजे, भाऊ." कुठल्याही दाराशी आल्या की सिस्टर आधी चौकटीवर बोटाने दोनदा टकटक करायच्या आणि मग हे म्हणायच्या. माझ्या दुकानाला चौकट नाही, शटर आहे. तर त्याच्या पट्टीवर टकटक.

यंत्रमागांच्या नव्हे, सोयाबीनच्या मुलखातल्या मालेगावात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. सिस्टर जवळच्याच एका उपकेंद्रात नर्स होत्या. तुम्ही लहानपणी पोलिओचे थेंब घेतले असतील, तर अशी एक बाई तुमच्याही दारात येऊन गेली असेल. खांद्याला लसीची पेटी, हातात खडू. घरातल्या सगळ्या पोरांना थेंब मिळाले की भिंतीवर इंग्रजी पी. कुणी राहिलं किंवा दारच उघडलं नाही, तर फुली. फुलीच्या घरी परत जायचं. सिस्टर तीनदा जायच्या. तीनदा जाऊनही ज्याने दार उघडलं नाही असा माणूस आख्ख्या नोकरीत भेटला नाही, हे त्या मोठ्या तोऱ्यात सांगायच्या.

रिपोर्ट ऑनलाइन भरायचं फर्मान निघालं तेव्हा त्यांनी माझ्याकडून एक जुना कॉम्प्युटर घेतला. त्यातला आधीच्या मालकाचा गेम काढून टाकायला मी विसरलो. पुढचं सगळं रामायण त्या विसरण्यातून घडलं.

गेम असा, की आपण एक तलवारबाज व्हायचं, गावोगाव हिंडायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं. काय बोलायचं, कुणाला मदत करायची, ते आपणच ठरवायचं. शेवटी डोंगरावरच्या दुष्ट राजाला मारायचं. वाटेत तापाने फणफणलेलं एक गाव लागतं. घरं बत्तीस. डोंगरातून औषधी पाला आणून दोन-चार जणांना दिला की एक ढाल बक्षीस मिळते आणि माणूस पुढे निघतो. सगळे तसंच करतात. मीही तसंच केलं होतं.

सिस्टर तिथेच थांबल्या. एका खेपेत पाला दहा जणांपुरताच मिळायचा, त्यात खेळायला सवड रविवारचीच, म्हणून पुन्हा डोंगर, पुन्हा गाव, असं कित्येक महिने चाललं. उपकेंद्रातल्या रद्दीत निघालेलं एक रजिस्टर त्यांनी त्यासाठी घेतलं आणि रकाने आखले. घर क्रमांक, नाव, डोस, शेरा. "घर १७. म्हातारा चिडका. शिव्या देतो. तिसऱ्या खेपेस दार उघडले." इंग्रजी अडलं की मला बोलावणं यायचं. मी हसायचो, पण जायचो. राजाचं काय, असं विचारलं तर म्हणायच्या, "तो कुठी पळून चालला?" राजा शेवटपर्यंत सुखरूप राहिला, पण गावातलं एकही माणूस मेलं नाही.

काही वर्षांनी त्या गेमचा दुसरा भाग आला. जुन्या मशीनवर तो चालेना, म्हणून मी नवी हार्ड डिस्क बसवली, नवं कार्ड घातलं, आणि वर फुशारकीही मारली. "ताई, दुसऱ्या भागाले पयल्याची सगळी याद राह्यते. तुमचं गाव तुमाले भेटन."

त्या दिवशी सिस्टर इस्त्रीची साडी नेसून, मांडीवर रजिस्टर घेऊन बसल्या होत्या.

पडद्यावर तेच गाव आलं. छपरं खाली आलेली, घराघरात गवत वाढलेलं. वेशीवर एक दगड, त्यावर इंग्रजी मजकूर. मी अर्थ सांगितला, की ताप आला, सगळे गेले, मदतीला कोणी आलं नाही.

सिस्टरांनी रजिस्टर उघडून बत्तीस घरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "कोनी आलं नाई? मंग मी कोन होती?"

त्यानंतर त्या बाईचा जो संताप मी पाहिला, तसा आरोग्य खात्यातल्या कुठल्या साहेबावरही पाहिला नव्हता. आठवडाभर त्या दोन्ही भागांचा हिशेब मांडत होत्या. नव्यात माणसांच्या पापण्यासुद्धा मोजता येतात, पण बोलतात दोनच वाक्यं आणि पाठ फिरवतात. पहिल्यात वाट विचारत जावं लागायचं, त्यात चार माणसं ओळखीची व्हायची. नव्यात जमिनीवर बाण, त्याच्यामागे मुकाट चालायचं. आणि दारं. घराघराला नक्षीची दारं, पण एकही उघडत नाही. "उघडत नाई त काढलं कायले?" हा सवाल त्यांनी मला इतक्या वेळा केला, की जणू सुतार मीच होतो.

मग त्यांनी गेम बनवणाऱ्यांना पत्र लिहायला लावलं. त्या मराठीत सांगत, मी इंग्रजीत टाइप करी. सोबत बत्तीस घरांची यादी, शेऱ्यासकट. चार दिवसांनी ठोकळेबाज उत्तर आलं, आमच्या गेमवर प्रेम केल्याबद्दल आभार. यादीबद्दल अक्षर नाही. सिस्टर म्हणाल्या, प्रेमाचं कोणी विचारलं होतं, मी कामाचं विचारलं होतं.

मीही त्यांच्यासोबत कंपनीला शिव्या घातल्या. त्यांच्यापेक्षा वरच्या पट्टीत घातल्या.

कारण खरं काय ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. दुसरा भाग डिस्कवर जुन्या खेळाची नोंद शोधतो. नोंद सापडली नाही, तर त्या गावात कोणी गेलंच नव्हतं असं धरून चालतो. आणि ती नोंद होती जुन्या डिस्कवर. ती मी काढून घेतली, पुसली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये बसवून मोकळा झालो. यात काही ठेवायचं आहे का, हा प्रश्न मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो. सिस्टरांना विचारला नाही. बाईमाणसाचा गेम, त्यात ठेवण्यासारखं काय असणार, असं मला वाटलं होतं. कंपनीचा राग केव्हाच निवला. माझ्या या समजुतीचा येतो तो राग अजून जात नाही.

त्या महिन्यात सिस्टर तीनदा दुकानात आल्या. पहिल्यांदा माउस बिघडला म्हणून. माउस ठणठणीत होता. जाता जाता त्यांनी विचारलं, गेमला याद राहते म्हणता, मग ती राहते कुठे? मी कंपनीवर ढकललं. दुसऱ्यांदा कसलीशी प्रिंट काढायला. तेव्हा विचारलं, जुनी डिस्क कुठे गेली असेल? खराब झाली होती, असं मी ठोकून दिलं. तिसऱ्यांदा काही निमित्तच नव्हतं. पट्टीवर टकटक केली, स्टुलावर बसल्या, पदराने चष्मा पुसला.

"काई सांगाचं हाय का, भाऊ?"

"नाई ताई. काई नाई."

चष्मा डोळ्यांवर चढवून त्या उठल्या आणि गेल्या.

पुढच्याच वर्षी निवृत्त होऊन त्या शेलूबाजारला भावाकडे राहायला गेल्या. निघायच्या दिवशी त्या दुकानाकडे येऊन गेल्या, तेव्हा मी जेवायला घरी गेलो होतो. परत येऊन पाहतो तर शटरला पिशवीत रजिस्टर अडकवलेलं, आणि शटरशेजारच्या माझ्या नव्या रंगाच्या भिंतीवर खडूची ही मोठी फुली. कोण्या कारट्याने भिंत बिघडवली म्हणून मी तडकलो, ओलं फडकं घेतलं. तेवढ्यात रजिस्टर खाली पडलं आणि शेवटच्या पानावर उघडलं.

बत्तीस घरांखाली एक ओळ नवी होती. "घर ३३. कॉम्प्युटरवाले भाऊ. तीन वेळा गेले. दार उघडले नाही."

शेलूबाजार काही विलायतेत नाही. जायचं रोज ठरवत होतो. सोयाबीन घरात आलं की जाऊ, दिवाळी झाली की जाऊ. दिवाळीनंतर त्या गेल्याचीच बातमी आली.

परवा भिंतीला पुन्हा रंग द्यायला काढला. रंगारी फुलीवर ब्रश फिरवायला निघाला, तर मी त्याचा हात धरला. तेवढी जागा सोड म्हटलं. कशाची खूण आहे, त्याने विचारलं. मी म्हटलं, एका घरी परत यायचं राहिलं आहे.