पेटंटची तेरवी

माणसाने अन्यायावर किती चिडावं याचं माप काढायचं झालं, तर ते आमच्या प्रताप नगरच्या घरमालक काकांवरूनच काढावं लागेल. मी आठवीत शाळा सोडलेला, सांगलीकडचा, गांधीबागेत कापडाच्या दुकानात कामाला. खोली देताना त्यांनी ना जात विचारली ना ओळखपाळख; "जेवला काय गा?" एवढंच विचारलं. तेव्हापासून त्यांचा संतापही मी प्रसादासारखा घेतो.

दुधात पाणी निघालं तरी काका हसतात. पण टीव्हीला जोडून खेळायच्या जुन्या व्हिडिओ गेमच्या डब्याचा विषय निघाला की त्यांचा चहा निवलाच! जन्मभर टीव्ही दुरुस्त केलेला माणूस. तो डबा स्वतः बनवायची त्यांची फार इच्छा. "कंपनी सोता बनवत नाही, अन् दुसऱ्यालेही बनवू देत नाही. काहून?" हा प्रश्न त्यांनी गॅसवाल्यालाही विचारला होता.

मग त्या डब्याच्या पेटंटची मुदत संपल्याचं कळलं. पेटंट वारलं, असं काकांनी जाहीर केलं आणि माणसाच्या तेराव्याला घालतात तशी रीतसर तेरवी घातली. गल्लीला कढी-वडे, वर कळमन्याच्या बाजारातली संत्री. काकू म्हणाल्या, "माह्या सासऱ्याच्या तेरवीले एवढी धावपळ नाही केली तुम्ही!"

दुसऱ्या दिवसापासून काका डबे बनवू लागले. हुबेहूब तसेच; वर तेच नाव, आत तेच खेळ. ओसरीवर पोरांची झुंबड. आणि एक दिवस कंपनीची नोटीस आली. पोलीस मलाही नेतील या धास्तीने मीच काकांना ओढत एका वकीलबाईंकडे नेलं.

वकीलबाईंनी नोटीस वाचली. "पेटंट संपलं, म्हणजे आतलं यंत्र बनवायची मोकळीक मिळाली. नावाचा हक्क अजून त्यांचाच, खेळांचाही. नाव अन् खेळ काढा, नाहीतर डबे जप्त होतील."

"मंग मेलं कोण?" काका कडाडले. "लोकं तेरवी जेवून गेले, अन् मुर्दा नोटीस पाठवून राहिला!"

"एकच वारलं, काका. त्याचे भाऊ जिवंत आहेत."

मलाही राग आला. जे खेळ कुणी विकतही नाही, ते पोरांनी खेळले तर कुणाचं काय जातं? पण रागापेक्षा भीती मोठी. रविवारी बसून आम्ही सगळ्या डब्यांवरची नावं खरवडली, आतले खेळ पुसले. डबे कायदेशीर झाले आणि रिकामेही. पोरं एकेक करून घरी गेली.

काकांनी तरीही एक डबा टीव्हीला जोडला. पडदा नुसता निळा. त्या निळ्याकडे बघत ते आठवणीनेच खेळू लागले. "हा पूल आला... खाली पानी... आता भिंत..." दुसरी जॉयस्टिक त्यांनी माझ्या हातात कोंबली. "पाहून काय राहिला? उडी मार गा!"

मी घाईघाईत बटण दाबलं.

"पडला न तू पान्यात," काका हळूच म्हणाले. "भेऊ नको. अजून जीव आहेत आपल्याजवळ."