इस्पिक टाकल्याशिवाय मारायचं नाही

दादाचा पाय मोडला तो एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, चिंचेवरून पडून. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता आणि मी अकराची. मांडीपर्यंत प्लास्टर चढलं आणि डॉक्टरांनी दीड महिना खाटेवरून उतरायचं नाही म्हणून सांगितलं. शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या. नागपूरचा मे महिना. सकाळी दहानंतर दाराबाहेर पाय टाकायची सोय नव्हती. आमचं दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर अजनीकडे होतं. खिडकीला वाळ्याची ताटी बांधून आई त्यावर तांब्यातांब्याने पाणी मारायची आणि जेवणं झाली की खालच्या ओल्या फरशीवर आडवी व्हायची. झोपण्याआधी रोज एकच ताकीद. "आवाज आला तर दोघांलेही उन्हात उभं करीन."

दादाजवळ बाबांचा पत्त्यांचा जुना कॅट होता. त्यातली चौकट नश्शी हरवलेली होती, म्हणून एका लग्नपत्रिकेचा तुकडा कापून त्यावर लाल शाईने नऊ चौकटी काढल्या होत्या. ते पान पाठीमागूनच ओळखू यायचं, पण त्याला आमचा इलाज नव्हता. दोघांत खेळता येतील तेवढे सगळे डाव आम्ही चार दिवसांत खेळून संपवले. सगळ्यांत मी हरले. पाचव्या दिवशी पुन्हा हरले आणि मला इतका राग आला, की उशाची उशी उचलून मी त्याच्या डोक्यात घातली.

तो ओरडला नाही. आई झोपली होती. हळूच म्हणाला, "कोणत्या पानावर मारलं?"

"कोणत्याच नाही."

"मंग कसं चालन? मारायचं तर इस्पिक टाकून मार. इस्पिक टाकल्याशिवाय मारायचं नाही."

मी हातातली पानं पाहिली. इस्पिक तिर्री होती. ती टाकली आणि मोजून तीन रट्टे दिले. चौथ्यासाठी उशी उचलली तर तो म्हणाला, "तीनच." मग त्याने इस्पिक सत्ती काढली, आणि मी भिंतीला टेकून सात खाल्ले.

आठवडाभरात खेळाला नीट नियम झाले. प्रत्येकाला वीस जीव आणि हातात पाच पानं. इस्पिक म्हणजे मार, जितका आकडा तितका. चौकट म्हणजे ढाल. ढाल म्हणून आईचं सूप होतं, पण ढालीचा आकडा लहान पडला तर उरलेले रट्टे अंगावर. किलवर म्हणजे तितकी पावलं पळायची मुभा आणि बदाम म्हणजे गेलेले जीव परत. गुलाम आला तर डाव्या हाताने मारायचं. राजा टाकला की समोरच्याने पुतळा व्हायचं. राणीचं काय करायचं यावर आमचं एकमत होईना, म्हणून शेवटी राणी आली की पाणी प्यायची सुट्टी ठेवली. तोंडातून आवाज निघाला की पाच जीव कापले. हिशेब दादा पेन्सिलीने प्लास्टरवर लिहायचा.

मागे दादाच्या मुलाने मला कॉम्प्युटरवर एक खेळ दाखवला होता. खाली पत्ते मांडलेले, त्यातला एक निवडला की वरचा योद्धा तलवार चालवतो. त्याला वाटलं मी चकित होईन. मी त्याला विचारलं, "यात हसू आलं तर किती जीव जातात?"

आमच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात कमरेएवढी भिंत होती आणि पलीकडे काकू राहायच्या. त्यांची मुलगी माझ्या वर्गात. काकूंचं आणि आईचं चार महिन्यांपासून बोलणं बंद होतं. नळावरच्या रांगेत काकूंनी आईची बादली मागे सारली होती, असं आईचं म्हणणं. काकूंचं म्हणणं, ती बादली आधीपासून मागेच होती. मोठ्यांचं बोलणं बंद होतं, आमचं नव्हतं. काकूंची मुलगी भिंतीवरून उतरून आली, खेळ पाहिला आणि म्हणाली, "मले पण घ्या."

मग आम्ही संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडून दादाची खाट बाहेर काढायला लागलो. कोळशाने जमिनीवर गोल काढला. आत आम्ही दोघी उशा घेऊन उभ्या. दादा खाटेवर बसून माझी पानं खेळायचा आणि मी फक्त लढायचं. तिला मात्र बसणारं कुणी नव्हतं. ती धावत खाटेपाशी जायची, पान टाकायची, धावत परत यायची, आणि तोवर माझे दोन रट्टे बसलेले असायचे.

तिसऱ्या दिवशी काकू भिंतीपाशी आल्या. पोरीला दटावायलाच आल्या होत्या. पण नजर खाटेवरच्या पानांवर गेली.

"गुलाम काहून वाया घालवते वं? ते इस्पिक दश्शी ठेव मागे. आधी त्याच्या चौकटी संपू दे."

"तूच खेळ ना मंग," पोरगी म्हणाली, घामाने निथळत.

काकूंनी आमच्या स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा पाहिलं. मग भिंतीला वळसा घालून आल्या आणि खाटेच्या पायथ्याशी बसल्या. त्या दिवशी मी अकरा जीवांनी हरले. दुसऱ्या दिवशीही हरले. काकूंना पडलेलं प्रत्येक पान लक्षात राहायचं. लग्नपत्रिकेची नश्शी कुणाकडे आहे हे तर त्या आधीच पाहून ठेवायच्या. दादाचं तोंड उतरायला लागलं. आई आतून सगळं बघत असणार, कारण हल्ली भाकरी थापण्याचा आवाज मधेच थांबायचा.

मी तिसऱ्यांदा हरण्याच्या बेतात होते, तेव्हा आई पिठाचे हात पदराला पुसत बाहेर आली.

"सरक," ती दादाला म्हणाली.

"अवं, पण तुले नियम..."

"महिनाभर डोळे मिटून ऐकून राहिली मी. सरक."

म्हणजे दुपारी ती झोपत नव्हती! दादाने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. तोवर आईने पानं उचलली होती. काकूंनी मान वर केली नाही. दोघी एकमेकींशी बोलल्या त्या फक्त पानांतून. काकूंची छक्की, आईची अठ्ठी. काकूंचा राजा, मी पुतळा. आईचा राजा, त्यांची पोरगी पुतळा. आम्ही दोघी उशा चालवून इतक्या दमलो की राणीची वाट पाहायला लागलो.

आणि मग काकूंनी जोकर टाकला.

जोकरचा नियम दादाने गंमत म्हणून केला होता. जोकर पडला की बसणाऱ्यांनी उठून लढायचं. आजवर बसणाऱ्यांत पाय मोडलेला तो असायचाच, म्हणून हा नियम कधी लागू झालाच नव्हता. काकू बहुतेक विसरल्या होत्या. टाकल्यावर त्यांनी दादाकडे पाहिलं. दादा घाबरत म्हणाला, "काकू, तुमच्यासाठी माफ करू."

"माफ काहून?" आई म्हणाली. तिने पदर कमरेला खोचला आणि माझ्या हातातून उशी घेतली.

काकूही उठल्या. त्यांनी पोरीची उशी घेतली. एक क्षण दोघी गोलात नुसत्या उभ्या होत्या. मग आईने पहिला रट्टा हाणला, खांद्यावर, चांगलाच जोरात. काकूंनी दोन परत केले. मोजणं कुणाला सुचलं नाही. चौथ्या की पाचव्या तडाख्याला आईच्या हातातली उशी उसवली आणि आतला सावरीचा कापूस ढगासारखा वर गेला. दोघींच्या केसांत, भुवयांवर, काकूंच्या तोंडात. काकू थुंकत थुंकत हसायला लागल्या आणि खाटेचा खूर धरून खालीच बसल्या. आईही बसली. हसण्यातच काकू म्हणाल्या, "बादली तुमचीच होती पुढं. घरी पाहुणे आले होते, मले घाई झाली."

"मले माहीत होतं," आई म्हणाली. "पण त्याच दिवशी म्हणायचं होतं ना वं."

त्यांनी कापूस वेचायला घेतला. आम्हाला हात लावू दिला नाही. आम्ही तो आणखी उडवू, असं त्यांना वाटलं आणि ते खरंच होतं. बाबा ऑफिसातून आले तेव्हा अंगणात दोन बायका पांढरी डोकी घेऊन बसलेल्या. त्यांनी सायकल उभी केली, काहीही न विचारता आत गेले आणि स्वतःच चहा ठेवला. काकूंचाही धरून तीन कप ठेवला, हे आई पुढे कित्येक वर्षं सांगायची.

प्लास्टर कापायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी त्यावरचे आकडे वाचले आणि विचारलं, "यात जिंकलं कोण?" दादा म्हणाला, "आई." पाय बरा झाल्यावर तो मोठ्या ऐटीत गोलात उतरला. महिनाभर मी मार खाल्लेला, त्याने फक्त पानं टाकलेली. मी त्याला तीन पानांत गोलाबाहेर काढलं. अंग झाडत तो म्हणाला, "मी बसूनच बरा," आणि खाटेवर जाऊन बसला.

हा खेळ तीन उन्हाळे चालला. ओळीतल्या बाकीच्या क्वार्टरांतूनही लोक यायला लागले आणि घरोघरच्या उशा पातळ झाल्या. मग काकूंच्या यजमानांची बदली उमरेडला झाली. सामान भरलेला ट्रक निघाला तेव्हा आई बाहेर आली नाही, आत भांडी घासत बसली. पण दिवाळी झाल्यावर ती मला घेऊन एस.टी.त बसली. बाबांशिवाय ती कधी गावाला गेली नव्हती. काकू स्टँडवर उभ्या होत्या. एका रात्रीच्या बोलीवर गेलेली आई चार दिवस राहिली, आणि तेवढे दिवस बाबा आणि दादा खानावळीत जेवले.