चांगला गुडघा आधी

पिरंगुटच्या सोनोग्राफी सेंटरमधून संगीताचा फोन आला तेव्हा मी शाळेत तिसरीच्या वह्या तपासत होते. संगीता तिथे नावनोंदणीला बसते. "बाई, सोमवारी येऊ नका," ती म्हणाली. "वसुधा मॅडम काल वारल्या. आमाला बी आत्ताच कळलं." पुढे ती रडत होती आणि मी… लिहायला लाज वाटते, पण खरं तेच लिहायचं ठरवलंय. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता स्वराचं मनगट कोण बघणार? दुःख मागून आलं, बऱ्याच उशिरा, घरी भाताला आधण ठेवताना. आधी आली ती भीती. वसुधाताईंची आणि माझी ओळख भीतीनेच करून दिली होती, तेव्हा त्यांना याचं नवल वाटलं नसतं.

स्वरा माझी मुलगी. आता अकरा वर्षांची आहे, तेव्हा साडेचारची होती. कोळवणच्या आमच्या घराला पाच पायऱ्या आहेत. एका पावसाळ्यात ती सकाळच्या वेळी त्या पायऱ्या बसून घसरत उतरायला लागली. उजवा गुडघा सुजलेला असायचा. दुपारपर्यंत मात्र अंगणात पळायची. शाळेच्या वेळेला दुखणारी पोटं आणि पाय मी वर्षानुवर्षं पाहिलेत, त्यामुळे मी शहाणीने लगेच ओळखलं, की हे नखरे आहेत. दोन-तीनदा दंडाला धरून चालवत नेली. सूज उतरेना तेव्हा एक्स-रे काढला. "फोटो क्लिअर आहे," एवढं ऐकलं आणि जिवात जीव आला. आमच्याकडे फोटो क्लिअर म्हणजे विषय संपला. सासूबाईंनी देवाला नारळ फोडला. "फोटू चांगला आलाय न्हवं? मग कशाला पोरीला घेऊन हिंडतीस? लचक भरली आसंल, चोळून घे," त्या म्हणाल्या, आणि गावात लचक काढणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे रोज संध्याकाळी गरम तेलाने गुडघा चोळणं सुरू झालं. स्वरा किंचाळायची. दोन महिने. तिचे हात मी धरून ठेवायचे, सासूबाई नाही, हेही इथे लिहून ठेवते.

पौडच्या बालरोगतज्ज्ञांनी शेवटी गुडघ्याची सोनोग्राफी करायला सांगितली. "सोनोग्राफी पोटुशी बाईची असती. एवढ्याशा पोरीची कसली?" सासूबाई म्हणाल्या. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं. सेंटरमध्ये भिंतीवर गर्भलिंगनिदान केले जात नाही अशी पाटी, बाकावर अवघडलेल्या बायका, आणि त्यांच्यात मांडीवर स्वराला घेऊन मी. आत अंधार होता, एसीचा गारठा होता. स्टुलावर पाच फूटही उंची नसलेल्या, साठीकडे झुकलेल्या एक डॉक्टरबाई बसल्या होत्या, ह्याच वसुधा मॅडम. स्वराने टेबल पाहिल्याबरोबर भोकाड पसरलं. बाईंनी तिला चॉकलेट दिलं नाही की लाडीगोडी लावली नाही. "दुखरा पाय राहू दे," त्या म्हणाल्या. "चांगला कुठला तुझा? तो दाखव." ही त्यांची पद्धतच होती, चांगला सांधा आधी. मुलाला कळतं की हे दुखत नाही, आणि त्यांना कळतं की या मुलाचा निरोगी सांधा कसा दिसतो. थंड जेल लावल्यावर स्वरा चक्क हसली. मीही हसले. मग बाईंचा हात हळू झाला. पुढे गेला, थांबला, परत त्याच जागी आला. पडद्यावर मला नुसतं करडं आणि काळं दिसत होतं. त्या काळं मोजत होत्या. "हा चांगला ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. "हा चांगला नाही," त्या म्हणाल्या. "यातही पाणी आहे. तुम्ही बसा आधी." मला बसता आलं नाही. मी भिंतीला टेकले.

मग त्यांनी दुखरा गुडघा पाहिला, दोन्ही घोटे पाहिले. "एक्स-रेत हाड दिसतं," त्यांनी सांगितलं. "हाडाला अजून धक्का लागलेला नाही, हे नशीब समजा. सूज त्याच्या आधी सांध्याच्या अस्तरात येते. ती इथे दिसतेय. हा लहान मुलांचा संधिवात वाटतोय. सांध्यांच्या डॉक्टरांकडे उद्याच जा. आणि डोळे तपासून घ्या, यात डोळे आतून सुजतात, आणि दुखत नाही म्हणून मूल सांगतही नाही." संधिवात मला म्हाताऱ्यांचा माहीत होता… माझ्या साडेचार वर्षांच्या पोरीचा? "कोणी चोळलाय का गुडघा?" मी मान हलवली. त्या ओरडल्या. बाहेरच्या बायका ऐकतायत हे लक्षात आल्यावर उठून दार लावलं आणि पुन्हा ओरडल्या. मग मला पाणी दिलं.

डोळ्यांत सूज होतीच. वेळेवर सापडली. पुढची वर्षं आठवड्याचं इंजेक्शन, रक्ताच्या तपासण्या, डोळ्यांचे थेंब, आणि दर काही महिन्यांनी ते टेबल. मॅडमच्या वसुधाताई कधी झाल्या ते कळलं नाही. आंबेमोहोर न्यायला म्हणून त्या कोळवणला यायच्या. तांदूळ हे निमित्त, त्यांना स्वराला पायऱ्या चढताना बघायचं असायचं. एकदा जेवताना मी म्हणाले, तुम्हाला बरं, तुम्हाला आतलं दिसतं, भीती आम्हाला. त्यांनी घास खाली ठेवला. "नवीन होते तेव्हा एका मुलाच्या खुब्याच्या रिपोर्टवर मी नॉर्मल लिहिलं होतं. घाई होती. दीड वर्षाने तो परत आला, वडिलांच्या खांद्यावर… तेव्हापासून मी रोज घाबरतच मशीन सुरू करते." "डाक्टर बी भितात व्हय?" सासूबाईंनी विचारलं. "भितात की, आजी." "मग बरं हाय," म्हणत सासूबाईंनी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

गेल्या वर्षी औषध थांबलं. सगळं शांत होतं. आणि मध्यंतरी स्वरा लिहिता लिहिता उजवा हात झटकायला लागली. सोमवारची वेळ त्यासाठीच होती. वसुधाताई गेल्यावर मी तीन आठवडे टाळलं. परीक्षा आहेत, पाहुणे आहेत, काहीही सांगत होते. कारण एकच होतं, जोवर कोणी बघत नाही तोवर मनगट चांगलं आहे असं मला म्हणता येत होतं. फोटो क्लिअर म्हणून नारळ फोडणाऱ्या घरातलीच मी. मग एका सकाळी स्वराने विचारलं, "आई, मी डाव्या हाताने लिहायला शिकू का?" दुसऱ्या दिवशी आम्ही पिरंगुटला होतो.

खोली तीच होती. नवे डॉक्टर तरुण आणि उंच. स्टूल अजून वसुधाताईंच्या उंचीवर होतं, डॉक्टरांचे गुडघे टेबलाला आपटत होते. संगीताने स्वराची फाईल आणून दिली. "दोन म्हैन्यांमागं मॅडम समद्या पोरांच्या फायली काडून बसल्या हुत्या," ती मला हळूच म्हणाली. "येकेकीवर लिवत हुत्या. आमी म्हनलं, आत्ताच कशाला? तर म्हनल्या, लागंल." म्हणजे आपण फार दिवस नाही हे त्यांना माहीत होतं. मला त्यांचा असा राग आला… तेवढ्यात डॉक्टरांनी फाईल वाचता वाचता माझ्याकडे पाहिलं, आणि ती माझ्यापुढे धरली. शेवटच्या पानावर वसुधाताईंचं बारीक अक्षर होतं. "आई फार घाबरते. रिपोर्टसाठी बाहेर बसवू नये. जे असेल ते टेबलापाशीच सांगावं." आमच्यातल्या एकाही आईला त्यांनी कधी ताटकळत ठेवलं नाही, आणि स्वतःचं दुखणं मात्र कुणाला कळू दिलं नाही.

डॉक्टरांनी मनगटावर जेल लावलं. मी स्वराचा दुसरा हात धरला, की तिने माझा धरला, आठवत नाही. बराच वेळ ते पडद्याकडे बघत राहिले. मग स्टुलासकट माझ्याकडे वळले. "ताई, पाणी आहे. थोडंच आहे, पण आहे. औषध पुन्हा सुरू करावं लागेल." मी कागदाने स्वराचं मनगट पुसलं, आणि तिथेच, त्या गार अंधाऱ्या खोलीत, वसुधाताईंसाठी पहिल्यांदा मोठ्याने रडले.