शेवटचा नळ

मी पदवीधर झालो तो थोरल्या आक्कामुळे. पुढे साताऱ्यात पाणी तपासायची नोकरी लागली.

कोरेगावजवळच्या एका गावी मी टाकीखालच्या नळाचं पाणी नळीत घेतलं. औषधाचे थेंब टाकताच ते पिवळं झालं, म्हणजे ब्लीचिंग पावडर पोचली होती. पाणी सोडणारा म्हातारा पांढरी बोटं धोतराला पुसत हसला.

"हितं येनारच की, सायेब. वस्तीवरच्या शेवटच्या नळाला चला."

तिथलं पाणी पिवळं झालंच नाही.

"सरपंच तुम्हालाच बोलतील," मी म्हणालो.

"बोलू द्या. पोरं ह्येच पित्यात. लिवा तुमी."

त्या रात्री मी पत्र लिहिलं: "आक्का, आज पहिल्यांदा 'पिण्यास अयोग्य' असा शेरा दिला. मागची सगळी गावं मी टाकीखालीच तपासली होती. ती पुन्हा फिरायची आहेत. सणाला येणं होणार नाही."