माळ पेटवण्याआधी

लव्हॉन वुबेन सकाळपासून आभाळाकडे बघत होती. अमेरिकेतल्या आयोवाच्या त्या भागात ऑक्टोबरात आभाळ निळंच असतं, त्यात बघण्यासारखं काही नसतं. पण ऑगस्टपासून पाऊस नव्हता. गवत माणसाच्या डोक्यावर गेलं होतं आणि हात लावला की कडकड मोडत होतं. दक्षिणेचा हलका वारा होता. माळ जाळायला याहून चांगला दिवस मिळणार नाही, असं सगळे म्हणत होते आणि तिलाही ते पटत होतं. तरी तिचं मन थाऱ्यावर नव्हतं.

खरं कारण आभाळात नव्हतंच. ते रस्त्याकडेला घडीच्या खुर्चीत, लाल टोपी घालून बसलं होतं. तिचा नवरा, मर्ल.

"अहो बाई," न्याहारीला मर्लनं तिला विचारलं होतं, "आमची लव्हॉन कुठं गेली?"

"मीच की रे लव्हॉन."

परक्या बाईच्या थट्टेला माणूस हसतो, तसा तो हसला. "तुम्ही नव्हे हो. ती. माळावर गेली असणार. बिया वेचायला लागली की तिला घरदार आठवत नाही."

लव्हॉननं त्याच्या कपात कॉफी ओतली. आधी ती वाद घालायची, लग्नाचा फोटो दाखवायची. आता तिनं ते सोडून दिलं होतं.

लग्न होऊन ती या शेतावर आली तेव्हा क्षितिजापर्यंत मका आणि सोयाबीन, दुसरं काही नाही. पोरं मोठी होऊन शहरात गेल्यावर तिला माळाचं वेड लागलं. रेल्वेच्या रुळांकडेला आणि जुन्या दफनभूमीच्या कोपऱ्यात, नांगर कधी पोचलाच नाही तिथं, मूळचं गवत उरलं होतं. त्याच्या बिया ती उशीच्या अभ्र्यांत भरून आणायची. गाव हसलं, आणि सगळ्यांत जास्त हसला मर्ल. "जन्मभर तण उपटलं मी, आता तेच पेरू?" असं म्हणत त्यानंच ओढ्याकडचं शेत मोकळं केलं आणि शिव्या घालत पेरणीही केली. तोंडानं नाही म्हणून हातानं करणारा माणूस. असल्या माणसाशी संसार करताना जीव मेटाकुटीला येतो, पण त्याच्याशिवाय करमतही नाही.

माळ राखायचा तर तो अधूनमधून जाळावा लागतो, नाहीतर झुडपं गवताला गिळतात. सुरुवातीच्याच एका जाळात शेजारच्या गॅलनचे वडील बिया वेचत आत राहिले आणि धुमसत्या बुटांनिशी बाहेर आले. मर्ल तेव्हा सगळ्यांवर असा बरसला की विचारू नका. त्यानंच नियम घालून दिला. पेटवण्याआधी लव्हॉननं प्रत्येकाचं नाव पुकारायचं, ज्याचं त्यानं "बाहेर!" म्हणून ओरडायचं. सगळी नावं संपली की मर्ल ओरडणार, "लव्हॉन?" कारण पुकारणारी स्वतःलाच विसरते. ती म्हणणार, "बाहेर!" मग तो म्हणणार, "पेटवा आता." त्याच्या या शब्दांशिवाय त्या माळावर कधी आग लागली नव्हती. स्वतःचं नाव विसरायची वेळ आली तरी मर्ल हे विसरला नव्हता.

आज माळाचा खुला दिवस. दरवर्षी या दिवशी गाव लोटायचं. सकाळी लोकांना ट्रॅक्टरच्या गाडीतून फिरवलं, पोरांनी बिया वेचल्या, तंबूत भोपळ्याचे केक आणि सफरचंदाचा गरम रस होता. गॅलन आणि मंडळींनी उत्तरेच्या कडेनं गवताचा रुंद पट्टा आधीच जाळून काळा केला होता, म्हणजे दुपारची मोठी आग तिथवर जाऊन विझेल. मर्लजवळ बसायला तिनं पाद्र्याच्या बायकोला सांगितलं होतं. ती तंबूत केक कापायला गेली, आणि गेली ती गेलीच.

दुपारी लोक दक्षिणेच्या रस्त्यावर दाटीनं उभे राहिले. लव्हॉननं मशालीचा, तोटीतून पेटतं तेल थेंबथेंब गाळणारा डबा उचलला आणि नावं पुकारायला घेतली. एकामागून एक उत्तरं आली.

"मर्ल?"

"बाहेर!"

आवाज दबका आला. मध्ये गर्दी होती, वारा होता. ती मान वर करून शेवटच्या हाकेची वाट बघत राहिली.

हाक आली नाही.

आज ही हाकही तो विसरला, असं तिला वाटलं. तिला तेवढंच सुचलं, दुसरं काही नाही.

"काकू," गॅलन खालच्या आवाजात म्हणाला, "थांबायचं का? मी बघून येऊ मर्लकाकांना?"

"काय बघणार? उत्तर दिलं की त्यानं."

"मग चला, वारा फिरायच्या आत. लोक आग बघायला आलेत, आपली तोंडं नव्हे."

कुणीतरी हसलं. लव्हॉननं स्वतःशीच "बाहेर" म्हटलं आणि डब्याची तोटी गवताला लावली.

आग आधी कुजबुजली आणि मग एकदम उभी राहिली. लोक "ओहो!" करून मागे सरले. ससे उड्या मारत माळाच्या कडेच्या, गवत कापलेल्या पट्ट्यावरून पळाले. धूर उत्तरेला वाकला. लव्हॉन रस्त्याच्या टोकाकडे वळली ती मर्लचा चेहरा बघायला, कारण आग बघताना तो पोरासारखा व्हायचा.

खुर्ची रिकामी होती. लाल टोपी खाली पडली होती, आणि खुर्चीमागं, अजून न पेटलेल्या उंच गवतात कुणीतरी शिरल्याची वाट दिसत होती.

"मर्ल!"

तो आतून ओरडला होता. सवयीनं. आतून "बाहेर" म्हणाला होता, आणि तिनं ते ऐकून माळ पेटवला होता.

गॅलननं पाठीवरचा पाण्याचा पंप मारला, पण त्या आगीपुढं ती नुसती थुंकी. लव्हॉन थांबली नाही. कडेच्या कापलेल्या पट्ट्यानं ती उत्तरेकडे पळत सुटली, सत्तरीतली बाई, एका हातानं छाती धरून. डाव्या बाजूला आग तिच्या पुढं पळत होती. काळ्यात जा, ती ओरडत होती, काळ्यात जा रे, मर्ल! आग आली की जळालेल्या जागेत जायचं, हे तिनं गावाला शिकवलं होतं आणि तिला ते मर्लनं शिकवलं होतं.

उत्तरेच्या कडेशी आग काळ्या पट्ट्यावर आपटली आणि बसली. धूर जरा फाटला.

तो काळ्यात उभा होता. भुवया जळालेल्या, एका हाताची कातडी लाल सोललेली. त्याची पाठ तिच्याकडे होती आणि तोंड जळालेल्या माळाकडे.

"मर्ल, अरे देवा, मर्ल!"

त्यानं तिच्याकडे पाहिलंही नाही. "सगळ्यांना हाक मारली," तो म्हणाला. "तिला कुणीच मारली नाही. मी आत शोधलं. सापडली नाही मला." मग छाती भरून, धुराकडे तोंड करून तो ओरडला, "लव्हॉन?"

ती त्याच्या शेजारी उभी होती. तो पुन्हा ओरडला, आणि या वेळी त्याचा आवाज चिरकला.

"बाहेर!" ती सगळा जीव एकवटून ओरडली. "बाहेर, मर्ल!"

मर्लचे खांदे खाली आले. चेहऱ्यावरची सगळी भीती उतरली. समोर ओढ्यापर्यंत माळ काळा पडून धुमसत होता, तिकडं बघत तो समाधानानं म्हणाला, "पेटवा आता."