आत्याची मच्छरदाणी

माझी आत्या पाणीपुरवठ्याच्या पंपघरात कामाला. नदीचं पाणी जिथून आत ओढलं जातं, तिथली लोखंडी जाळी रोज सकाळी साफ करायची, हे तिचं बावीस वर्षांचं काम. पाला, पिशव्या टोपलीत. जाळीला चिकटलेले पेरभर मासे मात्र बादलीत, आणि बादली पुन्हा नदीत. शेपटीवर तांबडा ठिपका असलेल्या त्या माशांना ती लाडाने ‘ठिपक्या’ म्हणे.

गुरुवारी कॉलेजातले एक सर आले. हा मासा या नदीतून कधीच संपला, असं चित्र दाखवून हळहळले. आत्याला हसूच आवरेना. चार-पाच तर रोज माझ्या बादलीत असतात, म्हणाली.

सरांना उभं राहवेना की बसवेना. सोमवारी पात्र रुंद करायला यंत्र येणार होतं, आणि ठिपक्या जिथे अंडी घालतात तो खडीचा उथळ पट्टाच उपसला जाणार होता. त्याआधी एक जरी जिवंत मासा दाखवला, तर काम थांबणार होतं.

झालं, आत्याच्या अंगात वारं शिरलं. आणि नेमके तेव्हापासून मासे गायब! शुक्रवार कोरडा, शनिवार कोरडा. रविवारी पात्राच्या कामाचे मोठे साहेब स्वतः पाहायला आले, मीही गेले. बाई थापा मारते, अशी त्यांच्या माणसांत कुजबुज सुरू झाली. मला इतका राग आला की त्यांच्या चहात जाळीवरचा गाळ कालवावासा वाटला. पण जाळीवर गाळही नव्हता. जाळी एवढी लख्ख कशी, असं साहेबांनी सहज विचारलं.

आत्याने कपाळावर हात मारून घेतला. ठिपक्या एवढ्या मोलाच्या म्हटल्यावर एकीलाही ओरखडा नको, म्हणून गुरुवारीच तिने जाळीपुढे पाण्याखाली घरची मच्छरदाणी बांधली होती. मासे जाळीपर्यंत येणार कुठून?

ती तशीच कमरभर पाण्यात उतरली. गाठी सोडून मच्छरदाणी हळूच उचलली, तर झोळात पाल्याबरोबर सात मासे वळवळत होते. सातही ठिपकेवाले! सर चक्क नाचले. मासे ठेवायला कुणीतरी घाईघाईत नळाखाली ग्लास धरला, तशी आत्या कडाडली, “नळाचं नको. त्यात औषध मीच टाकते.”

बादलीत नदीचं पाणी घेऊन त्यात मासे सोडले, फोटो झाले, मोजमाप झालं. साहेबांनी तिथूनच फोन करून यंत्र थांबवलं. सर फॉर्म भरत होते. एका हातात मासा बुडवून जपायला स्पिरिटची बाटली तयार होती. नमुना कुठे ठेवला म्हणून लिहू, असं त्यांनी विचारलं.

आत्याने बादली उचलली आणि सातही मासे नदीत सोडले.

“लिहा,” ती म्हणाली, “घरी.”