आडवणे रोड स्टेशनाचा मी लिहिलेला इतिहास

आमच्या गावच्या रेल्वे स्टेशनाला इतिहास नाही. तो मी लिहिला.

स्टेशनाचं नाव आडवणे रोड. त्यातला रोड फक्त पाटीवर आहे. एक फलाट, तोही अर्धाच (मागचे डबे सरळ करवंदीत उभे राहतात), एक पत्र्याची शेड, एक सिमेंटचं बाकडं आणि एक नळ. नळ कुणीतरी उद्‌घाटनाला सोडला होता, त्यानंतर त्याला पाणी आल्याचं ऐकिवात नाही. दिवसातून दोन गाड्या थांबतात. उतरणारा माणूस एकच असला, तर गार्डसुद्धा त्याच्याकडे दयेने बघतो.

लालबागला एका चाळीत आमच्या ग्रामस्थ मंडळाची खोली आहे. गावाहून आलेल्यांच्या ट्रंका, फाटलेला ढोल आणि अध्यक्ष भाई, एवढा ऐवज तिथे वर्षानुवर्षं पडून असतो. मंडळाच्या वर्धापनदिनाला स्मरणिका काढायची ठरली. जाहिराती कमी पडल्या आणि चार पानं कोरी राहिली. भाईंनी मला बोलावलं. लालबागच्या कचऱ्यावरचं माझं एक पत्र पूर्वी पेपरात आलं होतं. (नाव चुकीचं छापलं होतं, पण कचरा माझाच होता.) तेव्हापासून मी मंडळाचा साहित्यिक.

"स्टेशनावर लिव," भाई म्हणाले. "आमचे स्टेशन, इतिहास आणि सोयी."

"भाई, तिथे सोयी कुठायत?"

"म्हणून तर तुला सांगतोय! असत्या तर कुणी पण लिवलं असतं."

झालं! मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. माझे आजोबा आमसुलांचं गाठोडं डोक्यावर घेऊन त्या माळावरून जायचे, म्हणून मी लिहिलं, 'हे स्थान प्राचीन व्यापारी मार्गावर आहे.' रुळांसाठी कुणाचा फणस तोडायचा यावरून दोन चुलतभावांत हाणामारी झाली होती, त्याचा 'ग्रामस्थांचा प्रखर लढा' केला. मग सोयी. पंख्यांनी सुसज्ज प्रतीक्षालय, गरमागरम बटाटेवड्यांचे उपाहारगृह, महिलांसाठी स्वच्छ प्रसाधनगृह. लेखणीच थांबेना! कधी ना कधी होणारच आहे, मग आधी छापलं तर बिघडलं कुठे, असं मी स्वतःला समजावलं.

प्रूफं माझ्या बायकोने, सुनंदाने वाचली.

"अहो, हे सगळं खोटं आहे."

"याला शैली म्हणतात."

"मग त्या शैलीत एक तरी खरं टाका." आणि तिने पेन्सिलीने खाली लिहिलं, 'स्टेशनाबाहेर वडाखाली गार सावली असते आणि समोरच्या घरातल्या वयनी कुणाही बाईमाणसाला आत बोलावतात, पाणी दिल्याशिवाय सोडत नाहीत.'

मी हसलो. हा काय इतिहास आहे? ही तर किराणामालाची यादी! पण पानाच्या तळाला दोन ओळींची जागा उरली होती, म्हणून ढकललं ते वाक्य. स्मरणिका निघाली, नेहमीप्रमाणे कुणी वाचली नाही आणि विषय संपला.

संपला असता! पण त्याच सुमारास आमच्या गौरीने ऑफिसातल्या निखिलशी लग्न ठरवलं. पोरगा सोन्यासारखा. प्रश्न एकच, त्याची आई. प्रभादेवीच्या सावंतबाई, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त. शाळा सुटली, पण बाईंची मुख्याध्यापिका काही सुटली नाही. त्या हो म्हणाल्या तरच बैठक. गौरीचा जीव टांगणीला लागला होता. बाई आमच्या घोडपदेवच्या खोलीवर आल्या तेव्हा छाप पाडायला म्हणून मी काय करावं? स्मरणिका दिली. वर सही करून!

चार दिवसांनी बाईंचा फोन. "लेख वाचला. पान अकरा. बैठकीआधी मला तुमचं गाव बघायचंय, देवीला नारळ ठेवायचाय. घरची माणसं जे बोलतात ते खरं असतं का, एवढंच मी बघते. बाकी हुंडा-मानपानाचं मला काही नाही."

मी घाईघाईने सावरायला गेलो. "बाई, आत्ता ऊन फार आहे हो."

"प्रतीक्षालयात पंखे आहेत ना?"

"आहेत... म्हणजे..."

"मग झालं तर."

"आत्ताच्या आत्ता खरं सांगून टाका," सुनंदा म्हणाली. मी म्हटलं, रविवारी सांगतो. रविवार आला, गेला. शेवटी मी गावाला चुलतभावाला, दत्तूला फोन लावला. म्हटलं, बाबा रे, एका दिवसापुरतं काहीतरी कर, पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे. दत्तू म्हणाला, "दादा, तू काय्येक चिंता करू नको. सगळा करतंय मी!" ज्या माणसाने स्वतःच्या विहिरीला अजून कठडा बांधला नाही, त्याच्यावर मी विश्वास ठेवला.

ठरल्या दिवशी बाई, सुनंदा आणि मी दादरला गाडीत बसलो. गौरी सोडायला आली होती. "बाबा, प्लीज, तुम्ही बोलू नका," एवढंच म्हणाली. पनवेल गेल्यावर सुनंदाने भाकऱ्यांचा डबा काढला. बाईंनी हात आडवा केला. "नको. वडे खायचेत." आणि पर्सवर टिचकी मारली. आत स्मरणिका! रोह्याच्या पुढे मी त्यांना सुचवलं, हातपाय धुऊन घ्यायचे असतील तर डब्यात सोय आहे. बाई म्हणाल्या, "गाडीतल्या बाथरूममध्ये मी पाऊल ठेवत नाही. मला शुगर आहे, पण काढीन कळ. तुमच्याकडचं स्वच्छ आहे ना?" पुढचे तीन तास मी देवाचं नाव घेत होतो. गाडी मात्र प्रत्येक सिग्नलला मुक्काम करत होती.

आडवणे रोडला उतरलो आणि दत्तूने काय 'सगळा' केलं होतं ते दिसलं. त्याने पुठ्ठ्यांवर कोळशाने पाट्या रंगवल्या होत्या! फणसाला टांगलेली पाटी, 'प्रतीक्षालय'. खाली बाकड्यावर एक टेबलफॅन, त्याची वायर हवेत लोंबकळत होती. शेडच्या पत्र्यावर 'उपाहारगृह', आत एक कुत्रा झोपलेला. आणि तिसऱ्या पाटीवर 'महिला प्रसाधनगृह' लिहून एक ठसठशीत बाण काढला होता. बाण काजूच्या बागेकडे होता.

दत्तू इस्त्रीचा शर्ट घालून उभा. मी दात ओठ खात विचारलं, "अरे, वडे कुठायत?"

"वडे संध्याकाळच्या एसटीन येतले."

इकडे बाईंना दम कुठला! त्यांनी बाण बघितला आणि पर्स सावरत तडक चालू लागल्या. मी "बाई, थांबा!" म्हणेपर्यंत त्या काजूत दिसेनाशा झाल्या. दुसऱ्या क्षणाला झाडी हलली, एक म्हैस बाहेर आली आणि तिच्या मागोमाग बाई, दुप्पट वेगाने.

मग बाईंनी पर्स उघडली, चष्मा लावला आणि फलाटावर उभ्या राहून पान अकरा मोठ्याने वाचायला सुरुवात केली. शाळेचा आवाज! दत्तू आपोआप सरळ उभा राहिला.

"पंख्यांनी सुसज्ज प्रतीक्षालय. खोटं. गरमागरम बटाटेवड्यांचे उपाहारगृह. खोटं. स्वच्छ प्रसाधनगृह." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "म्हैस!"

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. डोळ्यांपुढे गौरी आली. पोरीचं लग्न मी चार पानं भरायला मोडलं होतं.

बाई शेवटच्या ओळीवर आल्या. वाचता वाचता थांबल्या. मान वर केली. समोर वड होता. वडाखाली सावली होती. पलीकडच्या घराच्या पडवीतून एक म्हातारी हात करत होती. "गो बाय, उन्हात कित्याक उबी? घरात ये आदी!"

सुनंदाने बाईंचा हात धरला आणि दोघी आत गेल्या.

वीस मिनिटांनी बाहेर आल्या तेव्हा बाईंच्या हातात कोकम सरबताचा तांब्या होता आणि चेहरा माणसांत आला होता. वडाखाली बसून त्यांनी सुनंदाच्या भाकऱ्या खाल्ल्या, दोन. मी उन्हातच उभा होतो. बस म्हणायला कुणाला आठवण झाली नाही.

"एकच विचारते," बाई म्हणाल्या. "मुलगी कुणावर गेलीय? आईवर की तुमच्यावर?"

"आईवर!" मी ओरडलो. "अगदी पूर्ण आईवर! माझं तिच्यात काही म्हणजे काही नाही!"

"बरं. मग रविवारी बैठक. तुम्ही या, पण बोलायचं नाही."

बैठकीला मी तोंड मिटून बसलो. सगळं बायकांनी ठरवलं आणि उत्तम ठरवलं. निघताना बाईंनी माझी सही केलेली स्मरणिका परत दिली. पान अकरा लाल शाईने भरलं होतं. शंभरपैकी पाच गुण! तेवढे तरी मिळाले म्हणून मी सुनंदाला कौतुकाने दाखवायला गेलो. तिने चष्मा लावून समासातला शेरा वाचून दाखवला.

'पाचही गुण शेवटच्या वाक्याला. हे वाक्य कुणाचे पाहून लिहिले?'